प्रशिक्षण छान झालं! पण मुलांचं काय झालं?



पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना संशोधनाचा विषय विचारला की शिक्षणशास्त्राकडं वळणाऱ्यांपैकी बरेच जण एक ठरलेलं वाक्य सांगतात : ‘वंचित मुलांसाठी आनंददायी अध्यापन पद्धतींच्या शिक्षक प्रशिक्षणाची परिणामकारकता : एक अभ्यास’. पुढं फक्त तालुक्याचं नाव बदलतं. मी हसत नाहीये, कारण माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षकही जवळपास हेच होतं. माझे तालुके होते महाड आणि पोलादपूर.

आज या विषयावरच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा करू. चिकित्सा म्हणजे चुका काढणं नव्हे. निबंध काय सिद्ध करतो, काय सुचवतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे वेगवेगळं करून बघायचं. पण आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील.

माझी प्रश्नावली

मी एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं आणि मग शिक्षणाच्या संशोधनाकडं आलो. पहिल्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणी प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण बघायला बसलो. सुलभक उत्तम होते. गाणी झाली, शब्दांचे खेळ झाले, चिंचोके आणि काड्यांनी दशक-एकक शिकवायचं प्रात्यक्षिक झालं. एरवी मान खाली घालून मोबाईल बघणारे गुरुजीही टाळ्या देत होते. समारोपाला मी प्रश्नावली वाटली. ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले’, ‘वर्गात वापरता येईल’, ‘आत्मविश्वास वाढला’ अशी विधानं आणि पुढं पाच चौकटी. जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली. मी खूश! आलेख काढले, रंग भरले आणि मार्गदर्शकांकडं नेले.

सरांनी पानं उलटली आणि एकच विचारलं, “यात मुलं कुठं आहेत?”

मुलं नव्हतीच. मी शिक्षकांचं समाधान मोजलं होतं आणि त्याला ‘परिणामकारकता’ असं नाव दिलं होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला तर हे फारच लागलं. टायट्रेशन करताना आम्ही ब्लँक रीडिंग घेतो, म्हणजे नमुना न घालता किती अभिकारक खर्च होतो ते आधी बघतो. इथं माझ्याकडं ब्लँकही नव्हतं आणि नमुनाही भलताच होता. दिवसभर खुर्चीवर बसून, गाणी म्हणून, दुपारचं जेवण जेवून झाल्यावर ‘उपयुक्त वाटले का’ विचारलं तर माणूस ‘हो’च म्हणणार. त्यात खोटेपणा नाही. प्रश्नच चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या वेळी विचारला गेला.

ज्या निबंधाबद्दल बोलतोय तो

नंतर सरांनी एक निबंध वाचायला दिला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१७ साली ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्हज’मध्ये आला. शीर्षकाचा मराठीत अर्थ साधारण असा : ‘संकल्पना सिद्ध होण्यापासून ती मोठ्या प्रमाणावर राबवण्यापर्यंत’. यातल्या अभिजित बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रुक्मिणी बॅनर्जी ‘प्रथम’ संस्थेच्या. म्हणजे ज्यांचा कार्यक्रम तपासला जातोय, त्यांच्यातली एक व्यक्ती लेखकांमध्येही आहे. हे लपवलेलं नाही, पण चिकित्सा करताना लक्षात ठेवायचं.

कार्यक्रम साधा आहे. मूल कितवीत आहे हे बघायचं नाही. त्याला अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद वाचता येतो का हे बघायचं, त्याप्रमाणे गट पाडायचे आणि खेळ, गप्पा, वाचन यांतून त्या पातळीवरून पुढं न्यायचं. सुरुवात मुंबई आणि वडोदऱ्यात झाली. तिथं वस्तीतल्याच तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, मागं पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन शिकवत. २००१ ते २००३ दरम्यानच्या यादृच्छिक नियंत्रित प्रयोगात, ज्याला आपण आरसीटी म्हणतो, पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतका फायदा दिसला. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. कार्यक्रम थांबल्यावर त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच संशोधकांनी नोंदवलं.

मग खरा प्रश्न आला. हेच काम सरकारी शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन होईल का?

बिहारमध्ये जून २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच या पद्धतीनं शिकवलं आणि मुलं पुढं गेली. म्हणजे शिक्षकांना पद्धत येत होती. पण शाळेच्या नियमित वर्षात चित्र उलटलं. जिथं फक्त साहित्य दिलं तिथं फरक नाही. जिथं साहित्य आणि प्रशिक्षण दोन्ही दिलं तिथंही म्हणण्यासारखा फरक नाही. साहित्य आणि प्रशिक्षणासोबत गावातले स्वयंसेवक दिले, तिथं मात्र फायदा दिसला. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक देऊनही काही हाती लागलं नाही, कारण ते शाळेच्या रोजच्या कामात जिरून गेले.

इथं थांबा आणि विचार करा. तोच शिक्षक, तीच पद्धत. जूनमध्ये शाळा मोकळी असताना जमतं आणि जुलैत जमत नाही. मग कमी काय होतं? प्रशिक्षण नक्कीच नाही. जुलैत शिक्षकाच्या डोक्यावर पाठ्यपुस्तक संपवायचं ओझं होतं आणि नव्या पद्धतीला दिवसातला कोणताच तास राखून दिलेला नव्हता.

२०१२-१३ मध्ये हरियाणात हेच दुरुस्त केलं. रोजचा एक तास या कामासाठी राखला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता सोडून पातळीप्रमाणे खोल्यांत बसवली. शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः १५ ते २० दिवस वर्ग घ्यायला लावलं. आता हिंदी वाचनात ०.१५ प्रमाण विचलन इतका फायदा दिसला. २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात संस्थेच्या लोकांनी शाळेतच शिबिरं घेतली. तिथला फायदा ०.६ ते ०.७ च्या घरात होता. शिक्षणाच्या प्रयोगांत एवढा आकडा क्वचित दिसतो.

निबंधाची ताकद

या निबंधाचा सर्वांत चांगला गुण हा की त्यात अपयश लपवलेलं नाही. आपल्याकडं ‘प्रशिक्षणाचा काहीच परिणाम झाला नाही’ असं निष्कर्षात लिहायला विद्यार्थी घाबरतात. मार्गदर्शक काय म्हणतील, परीक्षक काय म्हणतील! इथं दोन राज्यांतलं अपयश हाच निबंधाचा कणा आहे. ते नसतं तर हरियाणाचा प्रयोग सुचलाच नसता.

दुसरा गुण म्हणजे त्यानं ‘प्रशिक्षण दिलं’ आणि ‘वर्गात घडलं’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. महाडच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ साली केला. महाड नगरपालिकेनं तो १९२४ साली स्वीकारला. कागदावर चवदार तळं खुलं झालं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, तेव्हा कुठं ओंजळीत पाणी आलं. आणि त्यानंतरही कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडलं. दोन्ही गोष्टींची बरोबरी करत नाहीये. पण ठराव झाला की काम झालं असं धरणारा संशोधक त्याच गावात बसून प्रशिक्षणाचा अभ्यास करणार असेल, तर त्याला हा इतिहास माहीत हवा.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरणही आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीनं झालेलं काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि या पद्धती सर्वदूर पोचल्या. अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या. फरशी रंगली आहे की नाही हे पाच मिनिटांत तपासता येतं, फोटो काढता येतो. त्या फरशीवर बसून मूल काय करतं हे बघायला मात्र आठवडे लागतात. म्हणून तपासणीत पहिलं येतं आणि दुसरं राहून जातं. संशोधकानंही तेच केलं तर तपासणी अधिकारी आणि संशोधक यांत फरक काय उरला?

आता चिकित्सा

पहिला मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. या निबंधातला प्रत्येक प्रयोग यादृच्छिक आहे, पण प्रयोगांना जोडणारी गोष्ट यादृच्छिक नाही. बिहारमध्ये फरक पडला नाही, हरियाणात पडला. त्यावरून ‘राखीव तास, पातळीप्रमाणे गट आणि देखरेख यांमुळं फरक पडला’ असं आपण वाचतो. पण कोणत्या राज्याला राखीव तास मिळेल याची चिठ्ठी कुणी टाकली नव्हती. बिहार आणि हरियाणा वेगळे, वर्षं वेगळी, प्रशासन वेगळं, शाळा वेगळ्या. शिवाय हरियाणात तिन्ही गोष्टी एकदम आल्या. त्यातली कुठली कामाला आली? नुसत्या देखरेखीनं भागलं असतं का? निबंध हे सांगू शकत नाही. निष्कर्ष पटण्यासारखा आहे, मलाही पटतो. पण ‘पटतो’ आणि ‘सिद्ध झाला’ यांत अंतर आहे. संदर्भ देताना ‘आरसीटीने सिद्ध झाले आहे की देखरेख आवश्यक आहे’ असं वाक्य लिहू नका. व्हायव्हात कुणीतरी पकडेल आणि बरोबरच पकडेल.

दुसरा मुद्दा, शाळेचा आकार. तीन इयत्तांची मुलं पातळीप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत बसवायची तर खोल्या हव्यात, शिक्षक हवेत आणि मुलंही हवीत. आता पोलादपूरच्या डोंगरातली वाडी डोळ्यांसमोर आणा. माणसं कामासाठी मुंबईला, पट आटलेला, शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. मग पट ६० असो नाहीतर नऊ. नऊ मुलं, चार-पाच इयत्ता आणि एकच वर्गखोली वापरात. तिथं इयत्ता मोडून गट पाडा असं सांगण्यात नवीन काय? ते गुरुजी नाइलाजानं रोज तेच करतात. त्यांना गट पाडायला शिकवण्यापेक्षा, दोन मुलांसोबत बसलेलं असताना उरलेल्या सातांनी आपापलं काय करावं हे शिकवणं जास्त गरजेचं.

आणि त्या दोनांतले एक शिक्षक प्रशिक्षणाला गेले की शाळेत उरतो एक. तोच पोषण आहार बघणार, तोच माहिती भरणार, तोच सगळ्या इयत्ता सांभाळणार. म्हणजे प्रशिक्षणाची किंमत मुलांनी आधीच मोजलेली असते. मुंबईतल्या मोठ्या शाळेत हा खर्च दिसत नाही. वाडीवर तो पहिल्या दिवशी दिसतो. ‘परिणामकारकता’ मोजताना ही वजाबाकी करणारा प्रबंध माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

तिसरा मुद्दा, चाचणीच्या दिवशी कोण हजर आहे. रायगडातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत जातात. आता एक हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. जुलैत १० मुलांची चाचणी घेतली. सात जणांना १० पैकी प्रत्येकी ६ गुण, तिघांना प्रत्येकी २. सरासरी ४.८. नोव्हेंबरात ते तिघं भट्टीवर गेले. मार्चमध्ये उरलेल्या सातांना पुन्हा प्रत्येकी ६ गुण पडले. सरासरी ६! एकही मूल एक अक्षर पुढं गेलेलं नाही, तरी तुमचा आलेख वर चढला. टी-चाचणी लावलीत तर कदाचित ‘सार्थ फरक’ही मिळेल.

चांगल्या प्रयोगांत ही गळती दोन्ही गटांत तपासली जाते आणि या लेखकांनाही ती चांगलीच ठाऊक आहे. माझी तक्रार निबंधापेक्षा त्याची नक्कल करणाऱ्या आपल्यावर आहे. आपण ‘चाचणीला अनुपस्थित विद्यार्थी वगळले’ असं एक वाक्य लिहून पुढं जातो. इथं वगळलेली मुलं म्हणजे तुमच्या शीर्षकातली ‘वंचित’ मुलंच असतात. शीर्षकात घेतली आणि तक्त्यातून काढली!

शिवाय चाचणी कोणत्या भाषेत? हिंदी पट्ट्यातही घरची बोली आणि पुस्तकाची हिंदी यांत अंतर असतं, पण एक पातळी ठरवणाऱ्या चाचणीत ते दिसत नाही. कातकरी बोली बोलणारं मूल पहिलीत गप्प बसलं, तर त्याला वाचता येत नाही, की बाईंचा प्रश्न कळला नाही, की अनोळखी माणसासमोर बोलायचं नाहीये? एका चौकटीत तीन वेगळी कारणं जाऊन पडतात.

शाळाच कुरणात गेली तेव्हा

याच प्रश्नाला आपल्या शेजारच्या भागात खूप आधी वेगळ्या बाजूनं हात घातला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच गुरं चरतात तिथं नेली. ती कुरणशाळा. खडे, पानं, बिया हे साहित्य. अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून पुढं आली.

तिथं नियंत्रित गट नव्हता. किती प्रमाण विचलनाचा फायदा झाला हे कुणी सांगू शकणार नाही. म्हणून ते संशोधन नव्हतं का? माझं उत्तर असं : आरसीटी ‘फरक पडला का’ हे चांगलं सांगते. कुरणशाळेसारखं काम ‘मूल का येत नाही’ हे सांगतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसताना पहिला विचारला तर चुकीच्या गोष्टीचा परिणाम आपण अगदी काटेकोरपणे मोजत बसतो. बिहारमध्ये तेच झालं होतं. शिक्षकाला पद्धत येत नाही असं धरून प्रशिक्षण दिलं, अडचण निघाली वेळेची. पण उलट बाजूनंही सांगतो : कोसबाडचं नाव घेऊन ‘आमचं काम आकड्यांत मोजता येत नाही’ असं म्हणायची सोय कुणी करून घेऊ नये. मूल आज काय वाचतं आणि सहा महिन्यांपूर्वी काय वाचत होतं, एवढं तर प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

तुमच्या आराखड्यासाठी

माझा नवा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे, त्यामुळं उपदेश करत नाही. मी काय बदललं तेवढं सांगतो.

एक, शीर्षकातून ‘परिणामकारकता’ काढली. प्रशिक्षण केंद्रपातळीवर होत असेल तर मोजणीचं एकक केंद्र असतं. ६०० मुलांची चाचणी घेतली म्हणून नमुना ६०० चा होत नाही, कारण एका केंद्रातल्या मुलांवर एकाच प्रशिक्षणाची छाया असते. दोन तालुक्यांत मिळून केंद्रं किती असणार? त्यावर एकट्या विद्यार्थ्यानं कार्यकारणाचा दावा करणं धाडसाचं आहे.

दोन, ‘वाटलं का’ऐवजी ‘केलं का’ विचारतो. प्रशिक्षणानंतर एक महिना, तीन महिने आणि सहा महिने झाल्यावर, आधी न कळवता त्याच वर्गात बसतो. प्रशिक्षणातली कोणती कृती दिसली, किती मिनिटं चालली, ती करताना शिक्षकाला कितीदा उठावं लागलं, हे लिहितो. फोन, माहितीचा तक्ता, पोषण आहार, पालक. ही यादी कंटाळवाणी असते. पण जुलैत पद्धत का गळून पडते याचं उत्तर त्या यादीतच आहे असा माझा अंदाज आहे.

तीन, जुलैच्या पटावरचं प्रत्येक नाव मार्चच्या तक्त्यात राहील. मूल भट्टीवर गेलं असेल तर गुणांच्या रकान्यात ‘स्थलांतरित’ असं लिहिलं जाईल आणि निष्कर्ष दोन्ही प्रकारे मांडले जातील, त्या मुलांना धरून आणि न धरून. दोन्हींत जेवढी तफावत, तेवढी माझ्या निष्कर्षाची मर्यादा.

हा निबंध जरूर वाचा. इंग्रजी फार अवघड नाही. वाचताना वहीत दोन रकाने करा, एकात ‘हे प्रयोगातून आलं’ आणि दुसऱ्यात ‘हे लेखकांनी जोडलं’. प्रत्येक महत्त्वाचं वाक्य कुठल्या तरी एका रकान्यात टाका. मला हे करायला तीन संध्याकाळी लागल्या. तेवढ्यात जे शिकलो, ते पहिल्या वर्षाच्या सगळ्या प्रश्नावल्यांतून शिकलो नव्हतो.

आणि स्वतःच्या आराखड्याचं शेवटचं पान लिहून झालं की सरांचा प्रश्न एकदा मोठ्यानं विचारा : यात मुलं कुठं आहेत?

भेटू पुढच्या लेखात. तोवर अभ्यास चालू ठेवा.